लांबून घेतलेली शिकवणी

मिरजेबाहेरच्या माळावर क्षयाच्या रोग्यांसाठी एक दवाखाना होता. लांबच लांब उघड्या पडव्या आणि त्यांत ओळीनं मांडलेल्या लोखंडी खाटा. रोग्यानं दिवसभर मोकळ्या हवेत पडून राहायचं, दूध-अंडी खायची आणि बोलायचं कमी, एवढाच तिथला मुख्य उपचार. महायुद्ध चालू होतं ती वर्षं. या रोगावर खात्रीचं औषध आपल्याकडं अजून कुणी पाहिलं नव्हतं. तिथल्या एका खाटेवर अर्जुना पडून असायचा, आणि खाटेपासून चार हात लांब, खांबाला पाठ टेकून, मांडीवर पाटी घेऊन त्याची बायको हरणाबाई बसलेली असायची. याहून जवळ बसायला नर्स लीलाबाईंची मनाई होती.

अर्जुना वडूजकडच्या धनगराचा मुलगा. त्याच्या बापाचा सगळा जन्म मेंढरांमागं फिरण्यात गेला. अर्जुना मात्र औंधला बोर्डिंगात राहून शिकला आणि सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कारकून झाला. घराण्यात लेखणी धरणारा हा पहिलाच. त्याची आई रंगुबाई तोंडावर कधी कौतुक करायची नाही, पण मेंढरं घेऊन परमुलखात गेली, की कुणी न विचारता सांगायची, "आमचा अर्जुना सांगलीला लिवतो." काय लिहितो ते तिला ठाऊक नव्हतं. लिहितो एवढंच पुरे होतं.

हरणाबाई आटपाडीच्या बाजूची. तिचं गाव औंध संस्थानात होतं, आणि तिथं मुलींनाही शाळेत घालायची सक्ती होती, म्हणून तिच्या चार इयत्ता झाल्या होत्या. पुढं मेंढरांमागं फिरताना त्यातलं बरंचसं पुसलं गेलं. लग्नानंतर सांगलीला आली, दोन खोल्यांत संसार मांडला, अंजना झाली. अर्जुना पेढीवरून आला की कंदिलाखाली इंग्रजी पुस्तकं उघडून बसायचा. पेढीचे हिशेब देशी पद्धतीचे. इंग्रजी पद्धतीच्या बुककीपिंगची परीक्षा दिली तर एखाद्या गिरणीत किंवा कचेरीत नोकरी मिळेल, अशी त्याची उमेद होती. परीक्षेचे पेपर इंग्रजीत असायचे आणि त्याचं इंग्रजी बेताचंच होतं. तरी तो चिकाटीनं घोकत राहिला. मग खोकला सुरू झाला. खोकल्यातून रक्त पडलं त्या दिवशी पुस्तकं ट्रंकेत गेली.

अर्जुनाला दवाखान्यात न्यायच्या आधी रंगुबाई सांगलीला आली. दारातच उभी राहून तिनं लेकाकडं एकदा डोळे भरून पाहिलं, पाळण्यातून अंजनाला उचललं आणि घोंगड्यात गुंडाळलं.

"ह्या घरात पोर न्हाई ठेवायचं," ती म्हणाली. "तू त्याला बघ. मी हिला बघती."

हरणाबाईची छाती तेव्हा दुधानं भरलेली होती. चोळी ओली झाली तरी तिनं पोर परत मागितलं नाही, कारण सासूचं चुकत नव्हतं.

दवाखान्याच्या कुंपणालगत रोग्यांच्या माणसांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथं तिनं चूल मांडली. दुपारी सगळी पडवी निजली की अर्जुना आढ्याकडं बघत जागा असायचा. अशाच एका दुपारी तो म्हणाला, "ट्रंकेतली पुस्तकं आण. आन येताना पाटी आण."

"पाटी कशाला?"

"तुला शिकवायचंय."

"मला? आवं, हे काय भलतंच!"

"भलतं न्हाई. मी बरा झालो तर दोघं मिळून परीक्षेला बसू."

बरा झालो नाही तर काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पण पुढं लीलाबाईंकडून तिला कळलं, की दवाखान्याच्या कोठीत हिशेब लिहायला माणूस मिळत नाही म्हणून दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या बाई कटकट करत होत्या, तेव्हा अर्जुनानं पडल्या पडल्या विचारलं होतं, "माझी बायको परीक्षा पास झाली तर तिला घ्याल का?" मोठ्या बाई म्हणाल्या, "पास तर होऊ दे, मग बघू." तेवढ्या बोलावर त्यानं सगळा बेत रचला होता.

सुरुवात फार अवघड गेली. देशी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हरणाबाईला पटकन समजली. घरात आलं ते जमा, गेलं ते खर्च. पण इंग्रजी पद्धतीत रोकड आली, की ती रोकडीच्या खात्याला नावे टाकायची. इथं तिची गाडी रुतून बसली.

"आलं ते जमा न्हवं का?" ती पुन्हा पुन्हा विचारायची. "मग नावे का टाकायचं? उफराटंच सगळं."

अर्जुनानं नाना परींनी सांगून पाहिलं. दम लागला की थांबायचा, डोळे मिटायचा, पुन्हा सुरू करायचा. शेवटी एके दिवशी त्याला सुचलं.

"तुझ्या बानं राखणीला एक गडी ठेवला. मेंढरांचं खांड त्याच्या ताब्यात दिलं. आता ती मेंढरं कुणाच्या नावे?"

"गड्याच्या."

"का? मेंढरं तर तुझ्या बाची."

"बाची असली तरी सांभाळायची गड्यानंच. एखादं कमी झालं तर जाब त्यानं द्यायचा."

"मग रोकड म्हंजे तसाच एक गडी समज. त्याच्या हातात दिलं ते त्याच्या नावे. त्याच्याकडनं परत घेतलं ते त्याला जमा."

हरणाबाई पाटीकडं बघत राहिली. मग एकदम हसली. त्या दिवसापासून ती प्रत्येक खात्याला माणूस समजू लागली. माल खातं, इमारत खातं, पगार खातं, सगळे तिच्या लेखी गडी झाले, आणि कुणाच्या ताब्यात काय गेलं एवढंच बघायचं राहिलं. घसाऱ्याशी मात्र पुन्हा अडलं. वस्तू वापरून झिजते, म्हणून दर वर्षी तिची किंमत कमी करत न्यायची, असं अर्जुना सांगत होता.

"घोंगडं घेतलं तवाचं आन चार पावसाळ्यानंतरचं एकच असतं का?" तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर स्वतःच्या मनगटाकडं गेली. हाडावर कातडं तेवढं उरलं होतं. हरणाबाई घाईनं म्हणाली, "समजलं, समजलं," आणि पाटी पुसून टाकली. खरं तर तिला काहीच समजलं नव्हतं.

इंग्रजीला लालासाहेब धावून आले. शेजारच्या खाटेवरचा हा तरुण कऱ्हाडकडचा. घरी कृष्णेकाठचा ऊस, दोघे भाऊ पलटणीत, आणि हा कॉलेजात शिकता शिकता आजारी पडलेला. नवरा-बायकोची ओढाताण ते रोज ऐकत होते. एके दिवशी आपणहून म्हणाले, "अर्जुनराव, हिशेब तुम्ही सांगा. इंग्रजी माझ्याकडं लागलं. नाहीतरी मला दिवस खायला उठतो."

हरणाबाईचं मुख्य दुखणं म्हणजे न बोलली जाणारी अक्षरं. "तोंडानं म्हणायची न्हाईत ती अक्षरं लिवायची कशाला?" असं तिनं विचारलं, की लालासाहेबांना हसू आवरायचं नाही. हसले की खोकला यायचा, आणि लीलाबाई पडवीच्या टोकाकडून ओरडत यायच्या. 'बॉट' म्हणजे विकत घेतलं आणि 'ब्रॉट' म्हणजे आणलं. दिसायला जवळपास सारखेच. पेपरात त्या एका अक्षरानं सगळा हिशेब उलटा व्हायचा. लालासाहेबांनी तिला शब्द पाठ करायला लावले नाहीत. दुकानदाराचं एकेक वाक्य घ्यायचं, त्यात कुणी काय केलं ते मराठीत सांगायचं, मग त्याच माणसांची नावं बदलून इंग्रजीत नवं वाक्य करायचं. हरणाबाईच्या वाक्यांत नेहमी मेंढरंच विकली जायची. लालासाहेब म्हणायचे, "वहिनी, परीक्षेत साबण आन कापड येतंय, मेंढरं न्हाईत."

दिवाळीपर्यंत ती बरीच पुढं गेली. आणि मग तिची गती हळूहळू मंदावली. अर्जुनाचा ताप संध्याकाळी उतरेनासा झाला होता, आवाज बसला होता. फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत हवा भरायचा उपायही डॉक्टरांनी थांबवला होता. हरणाबाई अगदी साधी बेरीज चुकायला लागली. काल आलेलं आज विसरायची. अर्जुना घोगऱ्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, आणि ती मान हलवायची, "न्हाई बाई ध्यानात येत."

एका सकाळी लालासाहेब सहज बोलून गेले, "अर्जुनराव, वहिनींची कमाल आहे. काल तुम्ही झोपला होता, तेव्हा मी गंमत म्हणून एक हिशेब घातला. अख्खा ताळेबंद मांडला त्यांनी. घसाऱ्यासकट. मलाच समजावून सांगितला."

दुपारी हरणाबाई पाटी घेऊन खांबाशी बसली, तेव्हा अर्जुनानं तिला तसलाच एक हिशेब घातला. तिनं मांडला, आणि चुकवला.

"हरणे," तो म्हणाला, "तुला येतंय."

तिनं पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

"तू मुद्दाम चुकतीस. माझ्याकडं बोलायला एवढा दम न्हाई राहिला, आन तू माझं बोलणं वाया घालवतीस."

"मला सगळं आलं," हरणाबाई म्हणाली, "म्हंजे मग तुमी मोकळं हुनार. अजून शिकवायचं ऱ्हायलंय म्हणून तुमी हायसा. मला ठावं हाय."

शेजारच्या खाटेवर लालासाहेबांनी कूस बदलून तोंड भिंतीकडं केलं. अर्जुनानं दम गोळा केला. मग म्हणाला, "मी त्याच्यासाठी थांबलोय हे खरं. पण तुला आलेलं बघितल्याबिगर गेलो तर तळमळत जाईन. तेवढं करू नकोस." तो पुढं म्हणाला, "माझ्यामागं तुला कुणाच्या तरी गळ्यात बांधतील. तुला जायचं असलं तर खुशाल जा, माझी ना न्हाई. पण दुसरी वाट न्हाई म्हणून जायचं, असं हुता कामा नये."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पाटीवरची चूक दुरुस्त केली आणि पाटी उचलून त्याला दाखवली. त्यानंतर ती कधी मुद्दाम चुकली नाही. दर बरोबर उत्तराला त्याचा चेहरा खुलायचा आणि ती पुढचा हिशेब मागायला कचरायची.

संक्रांतीच्या सुमारास लालासाहेबांचे वडील मोटार घेऊन आले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, याचा अर्थ पडवीतल्या सगळ्यांना कळत होता. लालासाहेबांनाही कळत होता. जाताना त्यांनी आपली इंग्रजी डिक्शनरी लीलाबाईंच्या हाती दिली. "उन्हात चांगली तापवून मग वहिनींना द्या," असं त्यांनी बजावलं. हरणाबाईला हात जोडून म्हणाले, "मेंढरं विकू नका पेपरात." महिना उलटायच्या आत ते गेल्याची बातमी आली.

अर्जुनाला आता बोलायची सक्त मनाई होती. हरणाबाई उत्तर वाचायची आणि तो बोटानं खूण करायचा. बोट वर केलं तर बरोबर, आडवं हललं तर चूक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती पेज घेऊन पडवीत आली, तर खाटेभोवती पडदा लावलेला होता. लीलाबाई पडद्याबाहेर आल्या, तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "जा. जवळ जाऊन बस आता."

दिवस करायला ती वडूजकडं गेली. अंजना चालायला लागली होती. हरणाबाईनं हात पुढं केले तशी ती आजीच्या लुगड्याआड लपली. रंगुबाईला ती 'आय' म्हणायची. आणि हरणाबाईला, धाकटा दीर सिद्धू जे म्हणायचा ते ऐकून, 'वैनी'.

"तिला म्हाईत न्हाई," रंगुबाई अवघडून म्हणाली. "हळूहळू कळंल."

सुतक सरल्यावर भावकीत बोलणं निघालं. सिद्धूचं अजून लग्न व्हायचं होतं. त्याच्याशी हरणाबाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावावा, पोर घरातच राहील, असं थोरांचं मत पडलं. यात वाकडं काही नव्हतं, त्या समाजात रीतच होती. सिद्धूही भला पोरगा. रंगुबाईनं सुनेला बाजूला घेऊन विचारलं.

"तुझ्या मनात काय हाय?"

"मला मिरजेला जायचंय, आत्याबाई. त्यांनी घातलेली परीक्षा द्यायचीय."

"पोरीला न्हेनार?"

हरणाबाईनं रात्रंदिवस याच गोष्टीचा विचार केला होता. मिरजेला जायचं म्हणजे त्या दवाखान्यातच राहायचं, वॉर्डातली भांडी आणि चादरी उकळायचं काम करायचं, आणि उरल्या वेळात अभ्यास. तिथं लेकराला कसं न्यायचं?

"ती जागा पोराची न्हवं," रंगुबाईच म्हणाली. "एक दिला मी त्या रोगाला. ही देणार न्हाई."

"मग तुमच्यापाशीच असू द्या," हरणाबाई म्हणाली. हे शब्द तिनं कसे उच्चारले ते तिचं तिलाच पुढं आठवेना. निघताना अंजना मेंढराच्या कोकराशी खेळत होती. तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

हिशेबाची तिला आता धास्ती नव्हती. इंग्रजी मात्र अर्धवट राहिलं होतं, आणि सांगायला माणूस उरला नव्हता. सांगलीत एका क्लासवाल्या मास्तरांकडं ती विचारायला गेली. लुगडं, अंगावरचं घोंगडं पाहून आणि येण्याचं ठिकाण ऐकून त्यांनी दारातूनच नाही म्हटलं. दवाखान्यातून आलेलं माणूस वर्गात बसवलं तर बाकीची मुलं येणार नाहीत, ही त्यांची अडचण. हरणाबाई मुकाट्यानं परत आली. शेवटी लीलाबाईंनीच, ड्यूटी संपल्यावर, आपल्या खोलीत तिचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. लीलाबाई कडक. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, चुकीला माफी नाही. त्यांचं इंग्रजी औषधांचं आणि प्रार्थनेचं, व्यापारी पत्रांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. डिक्शनरी मध्ये ठेवून दोघी एकेका शब्दाशी झटायच्या.

पहिल्या खेपेला हरणाबाई इंग्रजीमुळं नापास झाली. प्रश्नच नीट वाचता आला नव्हता. सांगलीत निकाल पाहून ती कृष्णेच्या घाटापर्यंत आली आणि बायका धुणी धूत होत्या तिथं पायरीवर बसून पोटभर रडली. अर्जुना गेल्यावर ती अशी रडली नव्हती. आता रडायला निमित्त मिळालं होतं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मध्यंतरी देश स्वतंत्र झाला होता, आणि मोठ्या बाई बदलून दुसऱ्या आल्या होत्या. जुन्या बाईंनी 'बघू' म्हटलं होतं हे नव्या बाईंना कुणी सांगावं? लीलाबाईंनी सांगितलं. चार दिवस टाळाटाळ झाली, पण कोठीचा हिशेब खरोखरच तुंबला होता. हरणाबाईला एक टेबल मिळालं, पिंपांच्या आणि पोत्यांच्या मध्ये.

ही बातमी सांगायला ती निघाली. मेंढरं तेव्हा कृष्णाकाठच्या रानात खतासाठी बसायला आली होती. शोधत शोधत ती तळावर पोचली. रंगुबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. डोळ्यांनी कमी दिसत असावं, कारण हरणाबाई अगदी पुढ्यात आल्यावर तिनं ओळखलं.

"पास झाले, आत्याबाई."

रंगुबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. "त्यो बसणार हुता तीच परीक्षा ही?"

"व्हय. तीच."

"लय अवघड आसती?"

"आसती."

म्हातारीनं पिठाचे हात झटकले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेसमोर लेकाचं नाव घेऊन ती मोठ्यानं रडली. हरणाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. भाकरी करपून गेली.

थोड्या वेळानं अंजना मेंढरं वळवून आली. उन्हानं रापलेली, हातात काठी, दोन्ही गुडघे खरचटलेले. हरणाबाईनं तिच्यासाठी पाटी-पेन्सिल आणली होती. पोरीनं पाटी उलटसुलट करून पाहिली.

"हिच्यावर काय करायचं, वैनी?"

"लिवायचं. मी शिकवते. माझ्यासंगं मिरजेला येतीस का? आता मला चांगली खोली मिळणार हाय."

अंजनानं आजीकडं पाहिलं, मग मेंढरांकडं. "आयला दिसत न्हाई," ती म्हणाली. "कोकरं कोण बघंल?"

रंगुबाई डोळे पुसत म्हणाली, "जा की गं पोरी. तुझी आयच हाय ती."

अंजना दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिला कुणाचं मन मोडायचं नव्हतं हे हरणाबाईला दिसलं. इतकं लहान लेकरू, आणि हिशेब बरोबर करत होतं. ज्यानं सांभाळलं, पोर त्याच्याच नावे. हरणाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मीच येत जाईन."

ती येत गेली. सुट्टी मिळाली की मेंढरं कुठं बसलीत ते विचारत यायची, खाऊ आणायची, चार अक्षरं गिरवून घ्यायची आणि सर्व्हिस मोटारीची वेळ झाली की उठायची. अंजना नेमानं सडकेपर्यंत पोचवायला यायची. मोटार लांबून दिसली, की पोरगी आधी पुढं धावायची आणि हात वर करून ओरडायची, "वैनी, आली बघ गाडी!" हरणाबाई पदर सावरून "आले गं" म्हणायची आणि चढायची.